इंदुमतीबाईंची पित्ताची वकिली

नारायणगुड्यात इंदुमतीबाईंसमोर "मला पित्त झालंय" असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा भाजीवाला असो की नात्यातला थोरला माणूस, बाई त्याला जागच्या जागी उभं करत. "कुठे झालंय? दाखवा." तो बिचारा छातीवर हात ठेवी. "हे पोटातलं आम्ल. पित्त यकृतात तयार होतं, खाली आतड्यात उतरतं आणि उलट आम्लाला शांत करतं. आग लावणारा एक आणि बदनाम दुसरा. चोर सोडून संन्याशाला फाशी!" समोरचा माणूस जळजळ विसरून घरी जाई, आणि पुढच्या वेळी बाई दिसल्या की रस्ता ओलांडी.

बाईंनी एकतीस वर्षं मुलींच्या मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. घराणं जुनं, हैदराबादचंच. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील शिक्षक, नवरा हायकोर्टात वकील. यशवंतराव कोर्टात कोणाचं ऐकत नसत आणि घरी कोणाला ऐकवत नसत, म्हणून संसार सुखाचा झाला. चार वर्षांपूर्वी ते गेले. घरात उरल्या बाई आणि मुलगा चेतन, सून स्वाती. स्वभाव मात्र बाईंचा एकटीचा राहिला, तो वाटून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

शाळेत त्यांचं नाव झालं ते यकृताच्या धड्यामुळे. घर कडक शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पण दरवर्षी तो धडा आला की बाई पदर खोचून स्वतः मटणाच्या दुकानात जात. पहिल्या वर्षी दुकानदार रहीमभाई गोंधळला. "अम्मा, कलेजी देऊं?"

"कलेजी नको. उसका पित्ता देव. हिरवी थैली रहती ना, वो."

"वो तो हम फेक देते अम्मा. फुटा तो पूरी कलेजी कडवी हो जाती. तुम क्या करते इसकू?"

"पढाती हूँ."

रहीमभाईनं आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. त्यानं ती हिरवी पिशवी जपून काढली, बांधून दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. पुढे दर वर्षी बाईंचा निरोप गेला की तो एक पित्ताशय बाजूला ठेवी.

वर्गात दोन काचनळ्या. दोन्हींत पाणी आणि गोडं तेल. पहिली कितीही हलवा, तेल पुन्हा वर येऊन बसणार. दुसरीत बाई त्या हिरव्या रसाचे थोडे थेंब टाकत आणि हलवत. तेलाचे बारीक बारीक कण होऊन सगळं दुधासारखं गढूळ व्हायचं आणि तसंच राहायचं. चाळीस मुली श्वास रोखून बघत. "यकृत दिवसरात्र हा रस बनवतं," बाई सांगत. "जेवण नसेल तेव्हा तो पिशवीत साठतो. तुम्ही तूप लावून पोळी खाल्ली की पिशवी आवळते आणि रस नळीतून आतड्यात उतरतो. तूप पाण्यात मिसळत नाही, म्हणून पित्त त्याचे थेंब फोडून देतं आणि मग पाचक रस ते पचवतात. पित्त नसेल तर तुमच्या आयांनी मायेनं वाढलेलं सगळं तूप आलं तसं बाहेर. आणि शीला पिवळा रंग येतो तोही ह्याच्यामुळेच. हसू नका. ज्याला स्वतःच्या शीचा रंग माहीत नाही त्यानं पत्रिका बघायला जाऊ नये."

कोणा पालकांनी तक्रार केली की बामणाच्या बाई पर्समध्ये बकऱ्याचं काहीबाही घालून शाळेत आणतात. मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, हे शाळेत चालणार नाही. बाई म्हणाल्या, "मॅडम, ही पिशवी तुमच्याही पोटात आहे. मग तुम्हीही उद्यापासून येऊ नका." प्रयोग चालू राहिला. बढती मात्र सहा वर्षं उशिरा मिळाली, आणि तिच्याबद्दल बाईंनी कधी चकार शब्द काढला नाही.

तर अशा ह्या बाई. आयुष्यभर कोणतीही रीत मुकाट्यानं पाळली नाही. एकदाच पाळली, आणि तीच नडली.

स्वातीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, विद्यानगरला. मुलगी झाली, योगिनी नाव ठेवलं. बारशाला बाई गेल्या तेव्हा पोर जरा पिवळट दिसली. स्वातीच्या आईनं, सुलभाताईंनी, काळजीनं विचारलं. बाई म्हणाल्या, "नव्या बाळांना होतेच कावीळ. जाईल आपोआप." खरं होतं ते, बाराव्या दिवसापुरतं. मग सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि बोलावल्याशिवाय विहिणीनं सारखं जायचं नाही, अशी पद्धत. चेतननं हात जोडून सांगितलं, "आई, एकदा तरी गप्प राहा. त्यांच्या घरचं त्यांना बघू दे." बाई गप्प राहिल्या. चेतन दर रविवारी जाऊन यायचा आणि सांगायचा, मस्त आहे, गोल झालीय. बाप म्हणवणाऱ्यानं एकदाही डायपर बदललं नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सुलभाताईंचा फोन आला. "या की, नातीला बघून जा. कावीळ उतरवणारे काका पण यायलेत."

बाई रिक्षानं निघाल्या त्या काका हा शब्द चावत. विद्यानगरच्या घरी हॉलमध्ये पितळी परात, तिच्यात चुन्याचं पाणी. काकांनी स्वातीच्या मांडीवरच्या योगिनीच्या इवल्या हातांना कसलासा रस चोळला आणि हात पाण्यात धुतले. पाणी पिवळं झालं. "बघा, किती उतरली," काका म्हणाले. सुलभाताईंनी हात जोडले. ही तिसरी वेळ होती.

बाईंनी दोन मिनिटं दम धरला, आणि त्यांच्या हिशेबी तेवढा खूप झाला. मग त्या पुढे सरकल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "माझीही उतरवा."

काका नाही म्हणू शकले नाहीत. रस चोळला, हात धुतले. पाणी पिवळंधमक.

"मला तर कावीळ नाही," बाई म्हणाल्या. "आता विहीणबाईंची बघू या? नंतर त्या खुर्चीची?"

काकांनी परात उचलली आणि ते निघून गेले. सुलभाताईंचा चेहरा लाल झाला. बाई जिंकल्या होत्या, पण ते जिंकणं फार महाग पडणार होतं, कारण त्यानंतर त्या जे बोलल्या ते ऐकायला त्या घरात कोणी उरलंच नाही.

योगिनी रडायला लागली म्हणून स्वातीनं डायपर सोडलं. बाई उठून जवळ गेल्या आणि वाकून बघायला लागल्या. शी पांढरी होती. शाडूच्या मातीसारखी, ओली, पांढुरकी. आणि लघवीचा डाग गडद पिवळा, जो तान्ह्या पोराचा पाण्यासारखा असायला हवा. पोरीच्या डोळ्यांतलं पांढरं अजून पिवळंच.

"अशी किती दिवस होते हिला?"

"स्टार्टिंगपासून अशीच आहे, आई," स्वाती म्हणाली. "म्हणजे, थोडी लाइट होत गेली. अम्मा म्हणाली दूध पितेय ना, म्हणून पांढरी."

"गाय हिरवं गवत खाते, म्हणून हिरवं दूध देते का?" बाई कडाडल्या. "स्वाती, हिचं पित्त आतड्यात उतरत नाहीये. आज, आत्ता दवाखान्यात चल."

सुलभाताई मध्ये आल्या. "काय बोलायलात विहीणबाई! डॉक्टरांनी घरी येऊन बघितलंय तिला. कोवळं ऊन दाखवा म्हणालेत. दूध अंगी लागायलंय."

"त्या डॉक्टरनं डायपर बघितलं?"

"बारशाला तुम्हीच म्हणालात ना, आपोआप जाईल?" सुलभाताईंनी आवाज चढवला. "आता आमच्याच घरी येऊन, आमच्याच माणसासमोर माझी लाज काढायलात. हे पहिलटकरणीचं माहेर आहे, तपासणी नाका नाही."

ते वाक्य बाईंच्या वर्मी लागलं. "म्हणाले होते मी," त्या हळू म्हणाल्या. "आणि नंतर बघायला आले नाही, ही माझी चूक. पण कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे टिकली की ती साधी धरायची नसते."

पण राग चढलेल्या माणसाला कबुलीसुद्धा टोमणाच वाटते. सुलभाताईंनी दार उघडून धरलं. बाईंनी चपला घातल्या, आणि जाता जाता मोरीजवळच्या बादलीतून ते डायपर उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पर्समध्ये घातलं. सुलभाताई बघतच राहिल्या.

संध्याकाळी चेतन कामावरून आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर ते.

"आई, तू त्यांच्या घरून हे चोरून आणलंस?"

"तुझ्या पोरीचं आहे. चोरी कसली? बस आणि बघ." त्यांनी त्याला बसवलं, दहावीच्या पोरासारखं. "यकृतातून आतड्याकडे जाणारी नळी असते. काही बाळांची ती बंद होत जाते. यकृत पित्त बनवतच राहतं, त्याला थांबता येत नाही. पण जायला वाट नाही. मग ते आतल्या आत तुंबतं आणि ज्यानं बनवलं त्या यकृतालाच खराब करतं. दुधातली स्निग्धता पचत नाही, शीला रंग येत नाही. ऑपरेशन असतं ह्याला, पण दोन महिन्यांच्या आत झालं तर खरं. पुढे यकृत कडक होत जातं. आज चव्वेचाळीस दिवस झाले."

"तुला खात्री आहे?"

"नाही. म्हणूनच तपासायचंय. मी चुकले असेन तर माझ्यासारखी आनंदी बाई हैदराबादेत नसेल."

चेतननं स्वातीला फोन लावला. पलीकडे सुलभाताईंचा रडवेला आवाज त्याला ऐकू येत होता, की माझ्या घरी येऊन केरात हात घातला, चाळीस दिवस मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं ते कोणाला दिसत नाही. चेतननं फोन ठेवला. "आई, रविवारी जाऊ सगळे. त्यांना जरा शांत होऊ दे."

"यकृत रविवारची वाट बघत नाही," बाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. चेतन डोकं धरून बसला. बायकोच्या आईला दुखवायचं नाही आणि स्वतःच्या आईला आवरायचं, ह्या दोन कामांत त्याची पोरगी कुठे बसते ते त्याला त्या संध्याकाळी कळत नव्हतं. मला विचाराल तर त्याला राग यायला हवा होता, स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाई विद्यानगरच्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर पोचल्या. सुलभाताईंनी जाळीचं दार उघडलं नाही. बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या, मांडी घालून, पर्स मांडीवर ठेवून. दूधवाला आला, बाजूनं गेला. वॉचमन वर आला. "अम्मा, ऐसा कायकू बैठे? अंदर जाओ ना."

"अंदर नक्को बोल रहे. तू जा."

वरच्या मजल्यावरच्या बायका फिरायला निघाल्या, थांबल्या, पुन्हा पुन्हा वळून बघत गेल्या. सुलभाताई जाळीतून दबक्या आवाजात म्हणाल्या, "लोकं बघायलेत."

"बघू देत. बोलवा अजून." बाईंनी आवाज मुळीच खाली केला नाही. "विहीणबाई, काल मी त्या परातीवरून तुमचा अपमान केला. तो माझा आगाऊपणा होता, माफ करा. पण डायपरचं खरं आहे. आजच्या दिवसात हिची एक शी जरी पिवळी झाली, तर ह्याच पायरीवर तुमचे पाय धरीन, वरच्या बायकांना बोलावून. आणि नाही झाली तर मला काही नको, फक्त पोर द्या."

आत कोणीतरी जाळीची कडी काढली. स्वाती होती. खांद्यावर योगिनी, हातात फोन. ती बाईंच्या शेजारी पायरीवर बसली आणि फोनमधले फोटो सरकवायला लागली. एक, दुसरा, दहावा, तिसावा. सगळे डायपरचे. पहिले पिवळट, मग फिके, मग पांढरे, खाली तारीख.

"मला पण वाटत होतं, आई," ती रडत म्हणाली. "रोज फोटो काढून ठेवले. चेतनला विचारलं, अम्माला विचारलं, डॉक्टरांना पण विचारणार होते. सगळे म्हणले मी ओव्हरथिंक करतेय, नव्या आयांना होतं असं."

बाईंना त्या क्षणी सगळ्या जगाचा राग आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना बघायला शिकवलं आणि घरातली पोर बरोबर बघत होती हे तिला सांगायला कोणी नव्हतं. "तू वेडी नाहीस," त्या म्हणाल्या. "ह्या दोन घरांत डोळे असलेली तू एकटी आहेस. ऊठ."

"स्वाती," सुलभाताई म्हणाल्या, "आज अमावास्या आहे ग. उद्या जाऊ. पहिल्यांदाच बाहेर काढायचं पोरीला."

"अम्मा, बाजूला हो," स्वाती म्हणाली, आणि घरातल्याच चपलांवर जिना उतरली.

रिक्षा सुरू होणार इतक्यात सुलभाताई धावत आल्या. हातात बाळाची पिशवी, लंगोट, टोपी, पाण्याची बाटली, आणि घराची किल्ली दातांत धरलेली. कोणाशी न बोलता त्या एका कडेला चढून बसल्या. बाई दुसऱ्या कडेला सरकल्या. मध्ये स्वाती आणि योगिनी.

मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला तो शीच्या रंगाचा. स्वातीनं फोन पुढे केला. डॉक्टरीणबाई तारखा बघत गेल्या, आणि म्हणाल्या की हे फोटो फार कामाचे आहेत. सुलभाताईंकडे तेव्हा न बघणं हे सभ्यपणाचं ठरलं असतं. बाईंनी बघितलं.

रक्त तपासलं, पोटाचा फोटो झाला, यकृताचा कण काढून पाहिला. नळी बंदच होती. ऑपरेशन एकोणपन्नासाव्या दिवशी झालं. खराब नळ्या काढून आतड्याचाच एक तुकडा थेट यकृताला जोडला, की जमलं तर पित्त तिथून झिरपेल. जमलं की नाही हे कोणतंही यंत्र लगेच सांगणार नव्हतं. ते डायपरमध्येच दिसणार होतं.

मग दोन्ही घरं त्या एका गोष्टीवर टांगली गेली. चेतननं रजा काढली आणि पहिल्यांदा डायपर बदलायला शिकला. नर्सनं त्याला दोनदा हसून पुन्हा दाखवलं, तो ओशाळला नाही. बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला सुलभाताई. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा, पण दोघींकडे बघून कोणी तिथे बसत नसे. सुलभाताई घरून डबा आणत, चौघांचा. बाईंचा डबा त्या चेतनच्या हातून पाठवत. बाई तो पूर्ण खात आणि आमटी फार आंबट आहे असं चेतनलाच सांगत.

पहिल्या शीला रंग नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी चेतन बाहेर आला आणि मान हलवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाई त्याला म्हणाल्या, "रडायचं नाही. अजून हरलो नाही." पण स्वतः पर्स घट्ट धरून बसल्या.

सहाव्या दिवशी दुपारी स्वातीची हाक ऐकू आली. दोघी आजी एकदमच उठल्या आणि दारात एकमेकींना धडकल्या. स्वातीनं डायपर उघडून धरलं होतं. आत हिरवट पिवळी शी होती. कढीपेक्षा जरा गडद, पण रंग होता. सुलभाताईंनी तोंडावर पदर घेतला. चेतन त्या डायपरचे फोटो काढत सुटला, इतके की पोरगी झाली तेव्हाही काढले नव्हते. बाई नुसत्या बघत राहिल्या, डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, हसल्या आणि मग त्यांनी जे सांगायला हवं तेही सांगितलं. पित्त उतरायला लागलं, ही चांगली सुरुवात. पण यकृत आधीच थोडं दुखावलेलं आहे. काही मुलं ह्यावर वर्षानुवर्षं छान वाढतात, काहींना पुढे दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा लावावा लागतो. आत्ताच सांगता येत नाही.

"तर माझं लिहून घ्या," इंदुमतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं वय विचारलं. अडुसष्ट. त्यांनी मान हलवली, आणि म्हणाल्या की तशी वेळ आली तर आधी आई-वडील बघतो.

"तिची आई आत्ताच बाळंतपणातून उठलीय. आणि ह्याच्या यकृतावर चरबी आहे, ऑफिसच्या तपासणीत निघालीय, आठवड्याला चार बिर्याण्या. माझं यकृत तुपावर वाढलंय, पण तूप पचवलेलं आहे. वय काय बघता? तपासून बघा. मी भांडेन."

"त्यांचं नको, डॉक्टर." सुलभाताई पुढे आल्या. दवाखान्यात आल्यापासून बाईंच्या देखत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "माझं लिहा. मी एकोणपन्नासची आहे. बीपी आहे, पण गोळी घेते. चाळीस दिवस पोर माझ्या हातात होती आणि मला दिसलं नाही. आता काही लागलं तर ते माझ्यातूनच जाऊ द्या. आणि ह्यांना सांगा, प्रत्येक ठिकाणी पुढे पुढे करायची गरज नाही म्हणावं."

इंदुमतीबाई त्यांच्याकडे वळल्या. खालपासून वरपर्यंत त्यांनी सुलभाताईंना एकदा पाहून घेतलं.

"रक्तगट कोणता तुमचा?"

"ओ पॉझिटिव्ह."

"मग उद्यापासून आमटीत मीठ कमी घाला," इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून त्यांना बाकाकडे घेऊन गेल्या. "ते बीपी आधी खाली आणायचंय."